पायी घ्यायचं औषध

नोव्हेंबर लागला की नंदुरबारच्या भोवतालची मोकळी रानं लाल व्हायला लागतात. मिरचीच्या पथाऱ्या पडतात. ओली, पिकली मिरची पोत्यांतून येते, जमिनीवर पसरली जाते आणि पुढे कितीतरी आठवडे तिथंच ऊन खात वाळत पडते. परवा कामासाठी नंदुरबारला निघाले होते. एस.टी. त्या पट्ट्यात शिरली आणि अख्खी गाडी खोकायला लागली. कंडक्टर तिकीट देता देता खोकला, मागे कोणाच्या तरी मांडीवरचं बाळ खोकलं, ड्रायव्हरनं गमछा नाकावर ओढला. मीही खोकले. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक गळायला लागलं, आणि मला हसू आलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. ठसका लागून खूश झालेली बाई तिनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिली असावी. तिला कुठं सांगत बसू, की बाई, एक हिवाळा असाही गेलाय की याच रस्त्यानं, याच मिरच्यांमधून मी गेले आणि मला साधी शिंकसुद्धा आली नाही.

त्या हिवाळ्यात मी सुरतेहून शेवटची केमो घेऊन परत आले होते. छातीतली गाठ काढून झाली होती, केसांनी आधीच रजा घेतली होती. आमच्याकडे या आजाराचं नाव कोणी घेत नाही. ‘मोठं दुखणं’ म्हणतात, तेही आवाज खाली करून. स्टेशनपासून घरापर्यंत जीपच्या खिडकीतून मी लाल पथाऱ्या बघत होते. देठ खुडायला बसलेल्या बायकांनी नाकातोंडाला पदर गुंडाळले होते. आमचे हे, म्हणजे सुभाष, खोकून खोकून बेजार झाले होते, आणि मी कोरड्या नाकानं बसले होते. नाक मेलं होतं, जीभ मेली होती. त्याचं काही वाटलं नाही. एवढं मोठं संकट टळलंय, तर नाकाचे चोचले कोण पुरवतंय! घरी पोचल्यावर सगळे म्हणाले, संपलं एकदाचं. मीही म्हणाले, संपलं.

संपलं नव्हतं. आठवड्याभरातच एका सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून समोरच्या बरणीकडे बघत होते. आत पांढरं काहीतरी होतं. ते काय आहे, ते मला माहीत होतं. त्याच्याशिवाय भाजी अळणी लागते, हेही माहीत होतं. फक्त त्याचं नाव येत नव्हतं. मी सुभाषना म्हटलं, “ते द्या ना… ते… अळणी लागतं ते.” त्यांनी मिठाची बरणी हातात दिली. दिल्यावर बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. पाठमोरा माणूस काय विचार करतोय, ते पंचवीस वर्षांच्या संसारात कळायला लागतंच.

मग हे वाढतच गेलं. चहात दोनदा साखर पडायची, नाहीतर एकदाही नाही. दार उघडून अंगणात यायचे आणि कशाला आले ते आठवत उभी राहायचे. वर्तमानपत्राचं पान वाचून खाली पोचले की वरचं सगळं पुसलेलं. बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर पाय घसरल्यासारखी थांबायचे आणि मग समोरचं माणूस दयाळूपणे माझं वाक्य पुरं करायचं. या दयाळूपणाचा मला भयंकर राग येई. मुळात माझा स्वभाव तिखट. गावातल्या शाळेत चौथीला शिकवते, उभं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात गेलं, आणि आता माझं वाक्य कोणीही उचलावं आणि पुरं करून टाकावं?

शाळा हीच खरी धास्ती होती. संक्रांतीनंतर रजा संपणार होती. माझ्या शिकवण्यात मोठी कला वगैरे नाही, पण माझे पाढे गावात प्रसिद्ध आहेत. आमच्याकडच्या पोरांच्या घरात मराठी नसते. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी भिलोरी. पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते, पण पाढे ती गाण्यासारखे उचलतात. मी सुरू करायचे आणि वर्ग माझ्या मागून यायचा. बाहेर ओट्यावर बसलेले म्हातारेसुद्धा माना डोलवायचे. तर त्या दिवसांत एकदा दुपारी मी सहज, मनातल्या मनात पाढा म्हणायला लागले आणि निम्म्यावर रस्ताच संपला. पुन्हा सुरुवातीपासून आले, पुन्हा तिथंच. मग मुलांची नावं आठवून पाहिली. चेहरे आले, कोणाची वाहती नाकं आली, कोणाचा तुटलेला दात आला, नावं आली नाहीत. त्या दुपारी मी पोटभर रडले. मरणाला मी तेवढी घाबरले नव्हते. मरण येतं तेव्हा माणूस निदान आपलं आपण असतं. इथं तर मी जिवंत होते आणि माझ्यातली मास्तरीण मला न सांगता कुठं निघून गेली होती.

सुरतेच्या डॉक्टरीणबाईंना पुढच्या तपासणीत मी हे सांगितलं, तेव्हा त्या अजिबात दचकल्या नाहीत. केमोनंतर पुष्कळांना असं होतं, म्हणाल्या. डोक्यात धुकं साचल्यासारखं होतं, बहुतेकांचं हळूहळू विरतं. मी गोळी मागितली. आमच्याकडे डॉक्टरकडे गेलं आणि गोळी न घेता परतलं तर गेल्यासारखंच वाटत नाही. यावर धड गोळी नाही, पण व्यायामानं फरक पडतो असं दिसतंय, असं त्यांनी आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत समजावलं. सगळ्यांना सारखाच पडेल अशी हमी त्यांनी दिली नाही, ते मला आवडलं. रोज चालायचं, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगानं. जोडीला हातांनी हलकं वजन उचलायचं. मी म्हटलं, डोकं बिघडलंय आणि औषध पायांना? त्या हसल्या. निघताना दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “चलना है, टहलना नहीं.”

आता हे शहरात ठीक आहे. तिथं बायका पायांत बूट घालून बागेला चकरा मारतात. आमच्या गावात रस्ता हा कुठंतरी जाण्यासाठी असतो. बाई रस्त्यानं निघाली म्हणजे वावरात निघाली, नाहीतर दळणाला, नाहीतर कोणाच्या मयताला. नुसतीच निघाली, असं होत नाही. आणि निघाली तर हात रिकामे नसतात. विळा असतो, पाटी असते, कळशी असते. रिकाम्या हातानं भराभरा चालणारी बाई म्हणजे घरात भांडून निघालेली बाई, असा सरळ अर्थ आहे. त्यातून मी डोक्याला रुमाल बांधलेली, मोठ्या दुखण्यातून उठलेली. पहिल्या दिवशी मी गावाबाहेर पडून शेजारच्या कोरीट गावाच्या रस्त्याला लागले, तर पहिल्याच वळणावर मोटारसायकल थांबली. आमच्याच गल्लीतला माणूस.

“बठा काकू, सोडी देस.”

“नको रे, मी चालतेय.”

“आशा तब्येतमा पायी काबर जातस? बठा, बठा.”

नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. बसले. त्यानं मला आमच्या वावराच्या बांधावर नेऊन सोडलं. परत निघाले तर उसाचा ट्रॅक्टर थांबला. दुसऱ्या दिवशी एक रिक्षा, मग एक बैलगाडी, मग दुधाच्या कॅनवाला, त्यानं तर कॅन मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. या तालुक्यात माणुसकी एवढी शिल्लक आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं होतं, गावाच्या मायेवर उपाय सांगितला नव्हता.

मग मी युक्ती केली. भाकरीचा डबा घेतला. आमच्याकडे बाईच्या हातात फडक्यात बांधलेला डबा दिसला की कोणी काही विचारत नाही. वावरात माणसं आहेत, त्यांना जेवण चाललंय, एवढं पुरतं. मीच जेवणाचा डबा घेऊन निघाले म्हटल्यावर लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले. डब्यात अर्थातच काही नव्हतं. सुभाष सकाळीच न्याहारी करून जायचे आणि दुपारी घरी यायचे. मग भरायचं कोणासाठी? मी रिकामा डबा झुलवत ताठ मानेनं चालू लागले. चालताना तोंडानं पाढे. दम लागला पाहिजे पण बोलता आलं पाहिजे, याची तपासणी मी पाढ्यांवर करत होते. एका कामात दोन कामं. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की डोकं गेलंय हे काही वेळ विसरूनच गेले.

तो रस्ता मला अजून पावलांनी आठवतो. सकाळचं हिव, दोन्ही बाजूंना कापसाची वाळत चाललेली पऱ्हाटी आणि तिच्यावर उरलीसुरली पांढरी बोंडं. पुढे केळीच्या बागा, त्यांच्या पानांत रात्रीचं दव साठलेलं, ऊन आलं की टपटप गळायचं. मग हरभरा. हरभऱ्यातून चाललं की पावलांना पाल्यावरची आंब, म्हणजे आंबट दव लागतं, ते मी मुद्दाम बांध ओलांडून लावून घ्यायचे. सुरुवातीला वावर गाठेपर्यंत छातीचा भाता व्हायचा. टाक्यांच्या जागी ओढायचं. बांधावरच्या निंबाखाली बसले की परत उठू नये असं वाटायचं. काही दिवस पाढे पहिल्या वळणापर्यंतसुद्धा टिकायचे नाहीत. तेव्हा मी नुसतीच रस्त्यावरच्या वस्तूंची नावं घ्यायचे. निंब, बांध, पाट, खांब, बगळा. एखादं नाव आलं नाही की तिथंच उभं राहून त्या वस्तूकडे डोळे वटारून बघायचे, वर्गात उत्तर न देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. कधी यायचं, कधी नाही.

पण गाव बघत होतं. आणि गावानं जे पाहिलं, ते असं: डोक्याला रुमाल बांधलेली मॅडम रोज सकाळी डबा घेऊन वावरात जाते. वावरात कोणी जेवणारं नसतं. मॅडम निंबाखाली बसते, डबा उघडत नाही आणि तसाच घेऊन परत येते. जाता-येता तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटते, आणि मध्येच थांबून खांबाकडे रागानं बघते. एक दिवस मी डबा निंबाखालीच विसरले. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायकांना तो सापडला. कोणाचा म्हणून उघडला, तर आत लख्ख घासलेला, कोरडा ठणठणीत. बस्स. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं की मोठ्या दुखण्यानं मॅडमचं डोकं फिरलं. आज हे लिहिताना मला हसू येतंय. गावाचं काहीच चुकलं नव्हतं, मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं.

माझ्या कानावर हे आलं नाही. अशा गोष्टी ज्याच्याबद्दल असतात त्याला सोडून सगळ्यांना कळतात. आमच्याकडे आले ते शाळा समितीचे अध्यक्ष. भला माणूस. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. ओट्यावर बसले, चहा घेतला, मिरचीच्या भावाचं बोलले, हिवाचं बोलले. मग कपाच्या तळाकडे बघत म्हणाले, “मॅडम, तुमले बरं वाटो, आमनं इतलंच मागणं शे. पन घाई करू नका. आराम करा. पोरेसनं वर्ष वाया जावाले नको म्हनीसन दुसरा कोनी मास्तर मिळस का, ते आम्ही देखी ऱ्हायनूत.”

एरवी मी त्यांना जागच्या जागी सुनावलं असतं. पण बोलायला गेले आणि नेमका तेव्हाच शब्द अडला. मी तोंड उघडून तशीच बसले, आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांना जे पाहायचं होतं ते मीच त्यांना दाखवलं होतं. ते गेल्यावर मी सुभाषना म्हटलं, “तुम्हालाही असंच वाटतं का?” ते म्हणाले, “माले काय वाटस, ते जाऊ दे. तुले काय वाटस?” मी म्हटलं, मला शाळेत जायचंय. यापलीकडे मला या जगात काही नको होतं, आणि तेच मला झेपेल की नाही ते ठाऊक नव्हतं.

आता मंगलबद्दल सांगायला हवं. मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. एकाच अंगणात आमच्या दोन चुली, मध्ये छातीएवढी भिंत. आमच्यात भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. भांडण असतं तर कोणीतरी मिटवलं असतं. तिला मी शिष्ट वाटायचे, मला ती आगाऊ वाटायची, आणि खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर होतं. दुखण्यात ती यायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वरण ठेवून जायची, दोन शब्द बोलून. अध्यक्ष येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी डबा घेऊन निघाले, तर ती भिंतीपलीकडून वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“ताई, त्या डबामा काय शे?”

मी डबा पदराआड घेतला.

“रिकामा डबा लई काबर फिरतस? लोके काय बोली ऱ्हायनात, माहीत शे का तुमले?”

मग मला सगळं सांगावं लागलं. मोटारसायकली, ट्रॅक्टर, दूधवाला, रिकाम्या हातांची लाज, पाढे. सांगता सांगता एक-दोनदा अडकले. आश्चर्य म्हणजे तिनं माझं वाक्य पुरं केलं नाही. ती नुसती थांबली, शब्द येईपर्यंत. सगळं ऐकून झाल्यावर तिनं पदर तोंडाशी नेला, आणि मला वाटलं ही रडतेय. ती हसत होती. खांदे हलेपर्यंत हसत होती. बऱ्याच महिन्यांत माझ्यासमोर मनमोकळं कोणी हसलंच नव्हतं, सगळे आपले सुतकी चेहऱ्यानं यायचे. मलाही हसू फुटलं. दोघी जावा भर अंगणात डब्याकडे बोट दाखवून हसतोय, हे दृश्य पाहून सुभाष गोठ्यातून बाहेर आले आणि काही न विचारता परत आत गेले.

हसणं आटोपल्यावर तिनं माझ्या हातातून डबा काढून घेतला, भिंतीवर ठेवला आणि म्हणाली, “चाला. मी येस.”

“आणि लोक?”

“लोकेसले मी सांगस ना.”

तिनं सांगितलं. दोघी रिकाम्या हातांनी, हात झुलवत भर चौकातून निघालो. एस.टी.ची वेळ होती, माणसं जमलेली. कोणीतरी विचारलंच, कुठं निघाल्या दोघी? मंगल न थांबता मोठ्या आवाजात म्हणाली, “कोठेच नही. ताईनं औषध शे हाई. सुरतना डॉक्टरनी सांगेल शे, रोज पायी लेवानं.”

हीच गोष्ट मी ‘व्यायाम’ म्हणून सांगितली असती तर गाव तोंडावर गप्प बसलं असतं आणि मागून हसलं असतं. कापूस वेचून, भारे वाहून ज्यांची कंबर मोडलेली असते, त्यांना व्यायाम ही रिकामटेकड्यांची गंमत वाटते, आणि ते बरोबरच आहे. पण औषध म्हटल्यावर कोण हसणार? औषध वेळेवर घ्यावं लागतं, चुकवायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. त्या दिवसापासून गावानं माझं औषध हातात घेतलं. एखाद्या सकाळी निघायला उशीर झाला की शेजारची म्हातारी भिंतीवरून विचारायची, “आज औषध लिदं का?” पहिल्या दिवशी ज्यानं मला गाडीवर बसवलं होतं, तोच आता गाडी हळू करून ओरडायचा, “जोरमा चाला काकू, आशा चालानं काय कामनं!” दूधवाला तर बाजूनं जाताना हॉर्न वाजवून आम्हाला हाकायचा. मी चिडायचे, अर्थातच. आमच्या चालण्यावर गावातल्या प्रत्येकाला मत होतं. मंगल म्हणायची, चिडा, चिडीसन जोरमा चालतस तुम्ही.

पाढ्यांची जबाबदारी तिनं घेतली. तिची शाळा लहानपणीच सुटलेली, मोठे पाढे तिला येत नाहीत. त्यामुळे माझा आकडा चूक की बरोबर, हे तिला कळायचं नाही. ती फक्त मी अडते कुठं, ते ऐकायची. अडले की तीही चालायची थांबायची, कमरेवर हात ठेवून. थांबलं की माझं अंग गार पडायचं आणि पुन्हा वेग घ्यायला जीव जायचा, म्हणून मी आकडा ओढून काढायचेच. कधी चुकीचा काढून दडपून पुढं न्यायचे. तिला वाटायचं, ताई सुधारल्या. मग माझंच मन खायचं आणि परतीच्या वाटेवर मी तो पाढा पुन्हा म्हणायचे. चालता चालता आम्ही बोलायला लागलो. भिंत झाली तेव्हा तिला काय वाटलं होतं, मला काय वाटलं होतं. तिला मूल नाही, त्याबद्दल इतक्या वर्षांत मी तिला एक शब्द विचारला नव्हता, आणि तिनं सांगितलाही नव्हता. त्या रस्त्यावर तिनं सांगितला. मी ऐकत चालत राहिले. दोघींनी एकमेकींकडे न बघता पुढं बघत चालायचं असलं की काही गोष्टी सांगणं सोपं जातं.

कधी फरक पडला, ते सांगता येत नाही. एक सकाळ अशी आली की वावर गाठलं तरी निंबाखाली बसायची आठवणच झाली नाही. एका दुपारी वर्तमानपत्राच्या तळाशी पोचले आणि वरचं बरंच शिल्लक होतं. एकदा सुभाष कुठल्याशा पाहुण्याचं नाव आठवत बसले होते आणि ते मी सांगितलं, त्यांचं वाक्य मी पुरं केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओट्यावर जाऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, हे पाठीवरूनही कळलं. हे चालण्यानं झालं, दिवस गेल्यानं झालं, की कोणीतरी माझ्या शब्दांसाठी थांबायला लागल्यानं झालं, ते मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यानंच असेल, चालणं सोडू नका. मी सोडलेलं नाही. पण धुकं पूर्ण गेलं, असं म्हणाले तर खोटं होईल. आजही थकले की शब्द दगा देतात. कालच मी मंगलला ‘ते दे गं, ते’ म्हणून चाळणी मागितली आणि तिनं मला मुद्दाम चमचा दिला.

संक्रांत झाली. तिळगूळ द्यायला अध्यक्ष पुन्हा आले होते. मी त्यांना सांगितलं, सोमवारी येतेय. ते म्हणाले, या ना, शाळा तुमनीच शे. पण दुसऱ्या मास्तरचं बोलणं थांबवलंय असं म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

सोमवारी चौथीच्या दारात उभी राहिले, तर मुलं एकदम उठून उभी राहिली आणि ‘नमस्ते’ची लांबलचक आरोळी झाली. माझ्या डोक्यावर बोटभर केस आले होते, पोरींनी ते आधी पाहिले. हजेरीला उगाच फजिती नको म्हणून मी मुलांना खरं तेच सांगितलं. म्हटलं, औषधानं माझ्या डोक्यात धुकं झालंय. नाव विसरले तर राग मानायचा नाही, आपलं नाव आपण सांगायचं. मोठ्या माणसांना जे सांगायला मला इतके आठवडे लागले होते, ते मुलांनी मान डोलवून घेतलं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “मॅडम, आमनं गावमा पन धुकं पडस, ते दुपारपावत जास. तुमनं कवळ जाई?” मी म्हटलं, बघू. मग वर्गात बसून मला काही सुचेना. थंडी होती, बाहेर ऊन छान पडलं होतं. मी म्हटलं, चला, बाहेर. आज पाढे चालत म्हणायचे.

मैदानाच्या कडेनं रांग निघाली. मी सगळ्यांच्या पुढं. फाटकाशी अध्यक्ष मोटारसायकल टेकवून उभे होते. मुलीला सोडायला आले होते, की मला बघायला, देव जाणे. त्यांना बघून माझी पावलं एकदा चुकली. मी सोपे पाढे टाकले आणि तेराचा धरला. उगाच नाटक करायचं नव्हतं. जे व्हायचं ते त्यांच्यासमोर होऊ दे, असं वाटलं. तेरा एके तेरा. मागून वर्ग उचलत होता. तेरा दुणे, तेरा त्रिक. बुटांचे, चपलांचे, अनवाणी पायांचे आवाज एका ठेक्यात आले होते. तेरा पंचे पासष्ट म्हणून झालं आणि पुढं काही नव्हतं. सगळं पांढरं. मी थांबले. इतके दिवस ज्या क्षणाला घाबरत आले होते, तो हा, आणि तो फाटकासमोरच आला.

रांग थांबली नाही. मुलांना वाटलं असेल, मॅडम बाजूला होऊन ऐकतायत. तेरा सक अठ्ठ्याहत्तर म्हणत पहिली जोडी माझ्या उजवीकडून पुढं गेली, दुसरी डावीकडून. मग सगळा वर्ग माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत पुढं निघाला, आवाज खणखणीत, एकाचाही आकडा चुकला नाही. अध्यक्षांची मुलगी शेवटून दुसरी होती, तिचा आवाज सगळ्यांत वर. मी फाटकाकडे पाहिलं नाही. त्यानंतर आमच्या ओट्यावर आराम करा म्हणून कोणी आलं नाही, म्हणजे तिथून त्यांना काय दिसलं असेल ते दिसलं असेल. मला दिसत होता तो माझा पाढा, माझ्याशिवाय मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेला. हे सगळं यांना मीच दिलं होतं आणि ते माझ्या डोक्यात नसलं तरी कुठं गेलं नव्हतं. मी पदर खोचला, भराभर पावलं उचलून रांगेच्या शेवटी पोचले, आणि मुलांच्या मागून म्हणायला लागले, तेरा आठे.